पाणमोट आणि गर्भाचे आतडे : एका लक्षणाचा इतिहास

प्रसूतीच्या वेळी गर्भाशयातील ज्या पिशवीतून पाणी वाहू लागते तिला मराठीत पाणमोट म्हणतात. विहिरीवरील चामड्याची मोट ज्या पिढ्यांच्या डोळ्यांसमोर रोज हालत होती, त्यांनी हा शब्द घडविला असावा हे उघड आहे. वैद्यकाच्या मराठी ग्रंथांत मात्र या शब्दाला सहसा प्रवेश मिळाला नाही. तेथे उल्ब, उल्बद्रव, गर्भोदक अशी संस्कृत नावे आली. त्यांपैकी उल्ब हा शब्द फार जुना. वैदिक वाङ्मयात तो गर्भवेष्टनाच्या अर्थी येतो आणि भगवद्गीतेच्या तिसऱ्या अध्यायात धुराने झाकलेला अग्नी व मळाने झाकलेला आरसा यांच्या शेजारी तिसरा दृष्टान्त उल्बाने वेढलेल्या गर्भाचाच आहे. मराठीपुढे असे दोन शब्द उभे राहिले : एक सुईणीचा, एक पंडिताचा. या पाण्याच्या प्रमाणावरून गर्भाच्या आतड्याची अवस्था ओळखता येते, हे ज्ञान त्यांपैकी कोणत्या शब्दाबरोबर वाढले आणि कोणत्या शब्दापर्यंत पोहोचलेच नाही, हा प्रश्न केवळ कोशकाराचा नाही. डहाणू तालुक्यातील वरोरसारख्या किनाऱ्यावरच्या गावी एखाद्या नवजात बालकाचे जगणेवाचणे त्यावर अवलंबून असू शकते.

या ज्ञानाच्या मुळाशी एक प्राचीन वाद आहे. गर्भ पोटात असता तोंडावाटे काही घेतो की नाही? हिपोक्रेटीसच्या नावावर असलेल्या ग्रीक ग्रंथसमूहात एका ठिकाणी असे प्रतिपादन आढळते की गर्भ आईच्या उदरात चोखतो, गिळतो. अन्यथा जन्मताच त्याच्या आतड्यांत मळ कोठून आला असता? या पहिल्या काळ्या चिकट मळाला ग्रीक स्त्रिया अफूच्या चिकावरून नाव देत, अशी नोंद अॅरिस्टॉटलने केली आहे. आजच्या वैद्यकातील मेकोनियम हा शब्द तोच होय. म्हणजे या विषयातील सर्वांत शास्त्रीय भासणारी संज्ञा मुळात बाळंतिणीच्या खोलीतील बायकांची आहे. पाणमोटीला जे भाग्य लाभले नाही ते या शब्दाला लाभले.

सुश्रुताने याच प्रश्नाचा विचार दुसऱ्या अंगाने केला. शारीरस्थानात त्याने म्हटले आहे की गर्भाचे पोषण नाभिनाडीतून होते, आणि मळ अल्प असल्यामुळे व वायूचा पक्वाशयाशी योग होत नसल्यामुळे गर्भ वात, मूत्र व पुरीष यांचे विसर्जन करीत नाही. यातील पुरीषासंबंधीचे विधान सामान्यतः खरे ठरले आहे. निरोगी गर्भ सहसा जन्मापूर्वी मळ सोडीत नाही. मूत्रासंबंधीचे विधान मात्र टिकले नाही. गर्भावस्थेच्या उत्तरार्धात उल्बद्रवाचा मोठा भाग गर्भाच्या मूत्रानेच बनलेला असतो. ग्रीक ग्रंथकाराला गिळणे दिसले, पण विसर्जन सुटले. सुश्रुताच्या नजरेला पुरीषाचा निरोध दिसला, पण मूत्र व गिळणे ही दोन्ही निसटली. शवाच्या परीक्षणाखेरीज दुसरे साधन नसलेल्या काळात याहून अधिक अपेक्षा करणे न्याय्य होणार नाही.

येथे एका प्रचलित गैरसमजाचा निर्देश केला पाहिजे. सुश्रुताच्या निदानस्थानातील 'सन्निरुद्धगुद' ही व्याधी म्हणजे बालकाचे जन्मतः बंद असलेले गुद होय, असे पुष्कळ वेळा सांगितले जाते. मूळ वर्णन पाहिले तर तेथे कारण म्हणून वेगांचा निरोध दिलेला आहे : मळाचा वेग दाबून धरल्याने प्रकुपित झालेला वायू गुदाचा आश्रय करून मार्ग अरुंद करतो. वेग धारण करणारा रोगी नुकताच जन्मलेला असू शकत नाही. ही अर्जित संकोचाची व्याधी आहे. जन्मजात अछिद्रतेची नाही. प्राचीनांच्या पदरी नसलेले श्रेय घातल्याने त्यांचा गौरव होत नाही. शिवाय त्यामुळे त्यांनी जे खरोखर पाहिले तेही झाकले जाते. बंद गुदावर छेद घेऊन मार्ग मोकळा करण्याचा स्पष्ट उल्लेख पाश्चात्त्य परंपरेत सातव्या शतकातील ईजिनाच्या पॉलच्या ग्रंथात सापडतो. बाहेरून दिसणारा हा दोष असल्यामुळे तो आधी ओळखला गेला हे स्वाभाविक आहे. आतील आतड्याच्या दोषांना बराच काळ थांबावे लागले. ग्रहणीच्या, म्हणजे लहान आतड्याच्या आरंभीच्या भागाच्या, जन्मजात बंद अवस्थेचे वर्णन १७३३ साली काल्डर याने केले. परंतु ते वर्णन मृत बालकांचे होते, आणि पुढील पावणेदोनशे वर्षे तसेच राहिले.

गर्भ गिळतो की नाही या वादाचा निकाल लागला तो एका साध्या, किंचित गमतीदार प्रयोगाने. हॉलंडमधील उट्रेख्ट येथील प्रसूतितज्ज्ञ दे स्नो याने १९३७ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात गरोदर स्त्रियांच्या उल्बद्रवात सॅकॅरिन व त्यासोबत मेथिलिन ब्लू हे रंगद्रव्य टोचल्याचे वर्णन आहे. गर्भाने रंग गिळला की तो त्याच्या आतड्यातून रक्तात, वारेतून मातेच्या रक्तात आणि शेवटी तिच्या मूत्रात उतरे. पाणी गोड केले असता हे अधिक प्रमाणात घडले, आणि ज्यांची पाणमोट प्रमाणाबाहेर भरली होती अशा काही स्त्रियांचे पोट कमी झाले. गर्भाला गोडी कळते हा निष्कर्ष पुढे पुष्कळ चघळला गेला. इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट दुसरी होती. गर्भ पाणी पितो, ते पाणी आतड्यात शोषले जाते, आणि म्हणून पाणमोटीतील पाण्याची पातळी ही काही अंशी गर्भाच्या आतड्याची साक्ष असते. प्रसूतिकाळ जवळ आला असता गर्भ दिवसाकाठी सुमारे अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक द्रव गिळतो. पाणमोटीत ऐन भरात साधारण ८०० मिलिलिटर ते एक लिटर पाणी असते हे ध्यानात घेतले, म्हणजे पिण्याचा हा मार्ग मध्येच बंद पडल्यास काय होईल याची कल्पना येते.

या विचाराला व्यवहारात उतरविणारे वर्ष १९५८ होय. त्या वर्षी अमेरिकेतील लॉइड व क्लॅटवर्दी या शल्यचिकित्सकांनी अन्नमार्गाच्या जन्मजात अवरोधाच्या लवकर निदानास उल्बद्रवाच्या अतिरेकाचा कसा उपयोग होतो, हे दाखविणारा लेख प्रसिद्ध केला. त्यांतील मर्म असे की अवरोध जितका वर, तितके पाणी अधिक. अन्ननलिका किंवा ग्रहणी बंद असेल तर गिळलेले पाणी शोषण करणाऱ्या आतड्यापर्यंत पोहोचतच नाही. बंधन लहान आतड्याच्या शेवटी वा मोठ्या आतड्यात असेल तर वरच्या भागात पुरेसे शोषण होऊन जाते आणि आईच्या पोटावर काहीच उमटत नाही. एकच लक्षण, पण त्याचे असणे जितके बोलके, तितकेच त्याचे नसणे फसवे. ही मर्यादा पाठ्यपुस्तकांतून शिकविताना बरेचदा विसरली जाते. गुदाची अछिद्रता आणि हर्षस्प्रुंगची व्याधी हे दोन तुलनेने वारंवार आढळणारे दोष आहेत, आणि गर्भावस्थेत नेमके तेच बहुधा गप्प राहतात.

लक्षणाला कारणाचे बळ मिळाले ते त्याच दशकात आणि दूर दक्षिण आफ्रिकेत. तोपर्यंत प्रचलित मत टांडलर याच्या १९०० च्या उपपत्तीवर आधारलेले होते : भ्रूणावस्थेच्या आरंभी आतड्याची नळी पेशींच्या वाढीने भरून घन होते व नंतर पुन्हा पोकळ बनते, हे पोकळ होणे राहून गेले की अछिद्रता येते. ग्रहणीपुरते हे मत अजूनही मान्य आहे. त्यापुढील आतड्याला ते लागू पडत नाही असे केपटाउन येथील लो व बर्नार्ड यांना वाटले, कारण बंद जागेच्या खालच्या आतड्यातही पित्त, गर्भाचे गळलेले केस व त्वचेच्या पेशी सापडत. नळी कधीच मोकळी नव्हती तर हे पदार्थ खाली गेले कसे? त्यांनी कुत्रीच्या गर्भाशयातील पिलांच्या आतड्याच्या रक्तवाहिन्या बांधून गर्भ पुन्हा आत ठेवले. जन्मलेल्या पिलांच्या आतड्यांत मानवी बालकांत दिसते तशीच अछिद्रता आढळली. १९५५ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. यातला बर्नार्ड म्हणजे १९६७ साली मानवी हृदयाचे पहिले प्रतिरोपण करून जगभर गाजलेला क्रिस्तियान बर्नार्ड. त्याच्या नावाभोवतीच्या झगमगाटात हे आधीचे कार्य झाकोळून गेले, तरी त्याने वाचविलेल्या बालकांची संख्या नगण्य नसावी. कारण दोष रक्तपुरवठ्याचा आहे हे कळल्यावर बंद जागेच्या वरचा फुगलेला, निकृष्ट रक्तपुरवठ्याचा भाग कापून मग निरोगी टोके जोडण्याची पद्धत रूढ झाली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने उतरले.

याच उपपत्तीचा दुसरा अर्थ गर्भपरीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. रक्तपुरवठा तुटणे ही घटना गर्भावस्थेत उशिरा घडू शकते. म्हणून पाचव्या महिन्यात निर्दोष दिसलेले आतडे आठव्या महिन्यात सदोष दिसल्यास आधीच्या परीक्षकाने हलगर्जी केली असे समजण्याचे कारण नाही.

ग्लासगो येथील इयन डोनल्ड यांनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने उदरातील गाठी व गर्भ यांची प्रतिमा घेण्याची पद्धत जगापुढे मांडली तेही वर्ष १९५८ हेच. लॉइड-क्लॅटवर्दींचे लक्षण हाताला जाणवणारे होते; डोनल्डचे साधन डोळ्याचे होते. दोहोंची गाठ पडण्यास आणखी सतरा वर्षे लागली. १९७५ साली ब्रिटनमधील एका किरणविज्ञानविषयक नियतकालिकात गर्भाशयातील बालकाच्या ग्रहणीची अछिद्रता ध्वनिप्रतिमेने दाखविल्याचा वृत्तान्त आला. प्रतिमेत पोटाच्या वरच्या भागी पाण्याने भरलेली दोन वर्तुळे शेजारी शेजारी दिसतात : एक जठर, दुसरे बंद जागेच्या वर फुगलेली ग्रहणी. जन्मानंतरच्या क्ष-किरणचित्रात हीच दोन वर्तुळे हवेने भरलेली दिसत आणि शल्यचिकित्सकांना ती परिचित होती. नवी गोष्ट इतकीच की आता ती जन्मापूर्वी, पाण्यात दिसू लागली. या 'जोडबुडबुड्या'ची चिन्हे बहुधा विसाव्या आठवड्यानंतरच स्पष्ट होतात. ग्रहणीची अछिद्रता असलेल्या बालकांपैकी सुमारे तिसरा हिस्सा डाऊन लक्षणसमूहाने युक्त असतो. त्यामुळे हे चिन्ह दिसताच गुणसूत्रांच्या परीक्षेचा प्रश्न उपस्थित होतो. एका आतड्याच्या दोषातून संपूर्ण बालकाविषयीचा प्रश्न निघतो, आणि त्याचे उत्तर केवळ वैद्यकाकडे नसते.

अत्यंत विरळ दोषांपैकी एकाचा येथे विशेष उल्लेख केला पाहिजे, कारण तो वरील सर्व तर्काला छेद देतो. गॅम्बल व डॅरो यांनी १९४५ साली स्वतंत्रपणे वर्णिलेला जन्मजात क्लोराइड-अतिसार हा तो दोष. यात आतड्याची नळी पूर्णपणे मोकळी असते. अवरोध कोठेच नसतो. दोष असतो तो आतड्याच्या अस्तरातील क्लोराइड शोषणाऱ्या यंत्रणेत. गर्भ पोटात असतानाच पातळ रेच होऊ लागतात, पाणमोट भरते, आतड्याची वेटोळी द्रवाने फुगलेली दिसतात. या प्रतिमेवरून अवरोध समजून जन्मताच पोट उघडण्याचा मोह होतो. जन्मानंतर मेकोनियम येत नाही. येतो तो पाण्यासारखा मळ, आणि लंगोटातील ओल मूत्राचीच असावी असे मानून तो नजरेआड होतो. फिनलंड, पोलंड व अरबी आखाताच्या प्रदेशांत हा दोष तुलनेने अधिक आढळतो. सदोष जनुकाची ओळख १९९६ साली पटली. वेळीच मीठ व पाणी यांची भरपाई केली तर अशी बालके वाढतात. मोठे मूत्राशय, अत्यल्प व्यासाचे मोठे आतडे आणि आतड्याच्या हालचालीचा अभाव असे तिहेरी लक्षण असणारा आणखी एक दुर्मिळ दोष बर्डन व सहकाऱ्यांनी १९७६ साली वर्णिला. तेथे गर्भप्रतिमेत आतड्याऐवजी मूत्राशयच आधी लक्ष वेधून घेते. सारांश, पाणी वाढले म्हणजे नळी बंद, हे समीकरण सोपे आहे म्हणूनच त्याविषयी सावध राहिले पाहिजे. पाणी वाढण्याची इतरही कारणे आहेत : आईचा मधुमेह, जुळे, गर्भाच्या मेंदूचे गंभीर दोष, आणि सौम्य वाढीच्या पुष्कळ उदाहरणांत तर कारण सापडतच नाही.

महाराष्ट्रात या साधनाचा इतिहास वेगळ्याच वळणाने गेला. गर्भातील दोष ओळखण्यासाठी १९७० नंतरच्या दशकात भारतात आलेले गर्भजलपरीक्षेचे तंत्र लवकरच गर्भाचे लिंग जाणण्याकडे वळविले गेले. मुंबईतील स्त्रीसंघटना व अभ्यासक यांच्या चळवळीनंतर १९८८ साली महाराष्ट्राने गर्भलिंगपरीक्षेविरुद्ध कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य होते. केंद्राचा कायदा १९९४ साली संमत होऊन १९९६ पासून अमलात आला व २००३ मध्ये सुधारण्यात आला. या कायद्यांनी यंत्राची नोंदणी, प्रत्येक तपासणीचे विहित नमुन्यातील लेखन आणि लिंग सांगण्यास बंदी घातली. जन्मजात दोषांचे निदान मात्र कायद्याने अनुमत हेतूंमध्येच आहे. तरीही यंत्राविषयीचा धाक व संशय यांची छाया निदानावर पडल्यावाचून राहिली नाही. हा धाक अनाठायी होता असे म्हणता येणार नाही. मुलींची घटती संख्या ही वस्तुस्थिती होती. पण एकाच पडद्यावर दोन प्रश्नांची उत्तरे दिसत असल्यामुळे, निषिद्ध प्रश्नाची किंमत अनुमत प्रश्नालाही काही प्रमाणात मोजावी लागली.

दुसरा संघर्ष कालमर्यादेचा. १९७१ च्या गर्भपातविषयक कायद्यात वीस आठवड्यांची मर्यादा होती, आणि आतड्याची बहुतेक चिन्हे त्यानंतर उमटतात. २००८ साली हृदयदोष असलेल्या चोवीस आठवड्यांच्या गर्भासंबंधीचे एक प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा ही विसंगती देशभर चर्चिली गेली; न्यायालयाने परवानगी नाकारली. २०२१ च्या सुधारणेने काही वर्गांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवड्यांपर्यंत नेली आणि गर्भात गंभीर दोष असल्याचे वैद्यकीय मंडळाने निदान केल्यास ती मर्यादा लागू राहिली नाही. तथापि आतड्याच्या अवरोधाच्या बाबतीत चर्चेचा हा रोख काहीसा चुकीचा आहे असे म्हणावे लागते. केवळ ग्रहणीची अछिद्रता असलेले, अन्य दोष नसलेले बालक शस्त्रक्रियेनंतर सर्वसाधारण आयुष्य जगू शकते. तेथे चिन्हाचा खरा उपयोग गर्भ नाकारण्यासाठी नसून प्रसूतीचे स्थान ठरविण्यासाठी आहे.

आणि येथेच वरोर नकाशावर येते. समुद्रकाठचे हे गाव वाढवण व चिंचणीच्या परिसरात आहे. जवळचे रेल्वेस्थानक वाणगाव. किनाऱ्यावर मच्छीमार व बागायतदार, आत वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी अशा आदिवासी समाजांच्या वस्त्या आणि पलीकडे तलासरीपासून गुजरातची हद्द, असा हा प्रदेश आहे. डहाणूला उपजिल्हा रुग्णालय आहे. नवजात बालकाच्या आतड्यावर शस्त्रक्रिया करणारे पथक मात्र मुंबईसारख्या मोठ्या शहरातच निश्चितपणे मिळते, आणि डहाणू रोड ते चर्चगेट हे अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर आहे. २०१३ च्या एप्रिलपासून उपनगरी गाडी डहाणूपर्यंत धावू लागली, परंतु हिरवी उलटी करणारे, पोट फुगलेले, तासातासाला पाणी गमावणारे बालक गाडीच्या डब्यातून नेणे ही योजना नव्हे, निरुपाय होय. हीच दोन वर्तुळे सातव्या महिन्यात दिसली असती तर सव्वाशे किलोमीटरांचा प्रवास बाळाने आईच्या पोटातच केला असता.

योगायोग असा की बालकांच्या जन्मजात दोषांची देशव्यापी तपासणी याच प्रदेशातून सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी अस्तित्वात आला. या कार्यक्रमाच्या केंद्रीय यादीत तीस अवस्थांचा समावेश होता व त्यांत जन्मतःचे नऊ दोष होते : मज्जानलिकेचे दोष, डाऊन लक्षणसमूह, दुभंगलेले ओठ व टाळू, वाकडी पावले, नितंबसंधीचा दोष, मोतीबिंदू, बहिरेपणा, हृदयदोष आणि अपुऱ्या दिवसांच्या बालकांतील दृष्टिपटलाचा विकार. या नऊंत आतडे नाही. गुदाची अछिद्रताही नाही, जी ओळखण्यास कोणतेच यंत्र लागत नाही. कारण तर्काने सांगता येते : अशी तपासणी महिन्यांच्या व वर्षांच्या हिशेबाने आखलेली असते आणि घरी जाणारी आशा कार्यकर्ती पहिल्या सहा आठवड्यांत बालक पाहते. आतड्याचा अवरोध मात्र पहिल्या दोन-तीन दिवसांतच आपला निकाल लावतो. तो यादीत येईपर्यंत बालक यादीत राहत नाही.

म्हणून या दोषाचे स्थान बालकाच्या यादीऐवजी आईच्या तपासणीत शोधले पाहिजे. २०१६ पासून प्रत्येक महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर स्त्रियांची तपासणी वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून होते. त्या दिवशी पोटाची उंची मोजली जाते, आणि दिवसांच्या मानाने पोट मोठे वाटल्यास ध्वनिप्रतिमेची शिफारस करता येते. सर्वांत खोल कप्पा ८ सेंटिमीटर किंवा अधिक भरला तर पाणी अधिक आहे असे धरण्याचा प्रघात आहे. परंतु मोजपट्टीच्या आधी प्रश्न येतो, आणि प्रश्नाला शब्द लागतो. येथील बोलींत गरोदरपणाचे, पाण्याचे, वारेचे जे शब्द आहेत त्यांचा संग्रह ग्रियर्सनच्या भाषापाहणीत शोधणे व्यर्थ होय; १९०५ च्या तिच्या सातव्या खंडात वारली बोलीची दखल आहे, पण नमुने घेण्यासाठी त्या पाहणीने मुख्यतः उधळ्या पुत्राची बायबलमधील कथा वापरली, आणि त्या कथेत बाप आहे, दोन मुलगे आहेत, डुकरे आहेत; आई नाही. सुईणीशी बोलून बोली नोंदविण्याचे काम त्या पाहणीच्या कक्षेत नव्हते, आणि पुढच्या बोलीअभ्यासानेही शेती, नाती व दैवते यांच्या मानाने बाळंतपणाच्या शब्दांकडे कमीच पाहिले.

आईच्या आरोग्यपत्रिकेवर वैद्यकाचा शब्द छापला जातो आणि परिचारिका तो प्रमाण मराठीत विचारते. 'उल्बद्रव' या शब्दाला वरोरच्या अंगणात उत्तर मिळणार नाही. 'पाणमोट' या शब्दाला मिळेल, आणि 'बाळ हिरवं ओकतं का, काळी शी केली का' या प्रश्नाला तर पहिल्या चोवीस तासांत कोणतीही आजी उत्तर देऊ शकेल.